जलद गाळणीचे आठ महिने: कोरिनेबॅक्टेरियमच्या पेशीतलं मोजमाप

लायसिन हे अमिनो आम्ल बनवणारा कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा जिवाणू आमच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) ३० अंशांवर वाढतो. त्याच्या पेशीच्या आत किती ग्लुटामेट (हेही अमिनो आम्लच), किती लायसिन, किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आहे ते मोजायचं, एवढंच काम. आठ महिन्यांनंतर सांगते, एलसी-एमएस, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून मोजणारं यंत्र, हा यातला सोपा भाग आहे. नमुना काढल्यानंतरचे पहिले दहा सेकंद अवघड.

सुरुवातीला पेशीतल्या क्रिया झटक्यात थांबवायला आम्ही थंड मिथेनॉल वापरायचो, ६० टक्के, उणे ४० अंशांवर. ही पद्धत १९९२ साली यीस्टसाठी मांडली गेली. या जिवाणूला मात्र थंडीचा झटका बसला की पेशीतली अमिनो आम्लं बाहेर गळतात. पेशीत ग्लुटामेट कमी दिसायचं आणि आम्ही तीन महिने स्ट्रेनलाच (जिवाणूच्या वाणाला) दोष देत बसलो. शेवटी सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेलं मिथेनॉल फेकून न देता यंत्रावर चालवलं. माध्यमातलं (जिवाणू ज्या द्रवात वाढतो त्यातलं) प्रमाण वजा करूनही हरवलेलं ग्लुटामेट तिथेच सापडलं. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं.

मग जलद गाळणीकडे वळलो. व्हॅक्यूमवर ०.४५ मायक्रॉन छिद्रांची मेंब्रेन (पातळ गाळणी), त्यावर एक मिलीलिटर कल्चर (पेशींसकट माध्यम), लगेच ३० अंशांवरच्या मीठपाण्याने एक धुणं आणि मेंब्रेन थेट अर्क काढायच्या द्रावणात. मीठपाण्यातलं क्षारांचं प्रमाण माध्यमाएवढंच हवं; साधं पाणी वापरलंत तर पेशी पुन्हा गळतील. अमिनो आम्लांचे आकडे आता दर खेपेला जुळतात. कल्चर दाट झालं किंवा ॲन्टीफोम (फेस मोडणारं द्रव्य) जास्त पडलं, की मेंब्रेन तुंबते. तेव्हा अर्धाच मिलीलिटर घ्या.

एटीपीसाठी मात्र ही पद्धत वापरू नका. पेशीतला एटीपीचा साठा काही सेकंदांत बदलतो आणि गाळणीवर पेशींना ना साखर मिळते ना पुरेसा ऑक्सिजन. वाढत्या पेशीत ऊर्जाभार (एटीपी आणि त्याची खर्च झालेली रूपं यांच्यातलं प्रमाण, शून्य ते एक) ०.८ च्या वर असायला हवा, आम्हाला ०.६ मिळत होता. आता त्यासाठी अख्खं कल्चर थेट थंड सॉल्व्हंटमध्ये सोडतो आणि माध्यमाचा वाटा नंतर वजा करतो.

कार्बन-१३चं इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात मिसळायचे जड कार्बनचे तेच रेणू) घ्याच, महाग असलं तरी. पण ते अर्क काढताना मिसळतं, त्याआधी झालेली गळती त्याला दिसत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात अख्खं कल्चर, गाळलेलं माध्यम आणि पेशी असा तिन्हींचा ताळेबंद मांडा.

एनएडीपीएचचा (पेशीत नवे रेणू बांधताना इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचा) हिशेब अजून जुळत नाही. आम्लात तो टिकत नाही, आणि लायसिनचा एक रेणू बनवायला चार एनएडीपीएच लागतात, म्हणून तो सोडूनही चालत नाही. पुढचा महिना त्यालाच दिलाय.