घोट्यातल्या ऑस्टिऑइड ऑस्टिओमासाठी आरएफए: सात महिन्यांनंतर

नागपुरात आरएफए (सुईच्या तापलेल्या टोकाने हाडातली गाठ जाळणं) करून सात महिने होत आलेत. निकाल आधीच सांगते: दुखणं गेलं, घोटा मात्र अजून पूर्ण मोकळा झालेला नाही.

त्रास टॅलसमध्ये होता, म्हणजे नडगीच्या हाडाखाली घोट्याचा सांधा होतो त्या हाडात. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही हाडातली गाठ कॅन्सरची नसते, पसरत नाही, सहसा दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच राहते. माझी तर जेमतेम ७ मिलिमीटरची, पण रात्री दोनला उठवून बसवायची. लचक समजून क्रेप बँडेज झालं, युरिक ॲसिड तपासून झालं, एकदा प्लास्टरही घातलं. एक्स-रे कोरा. एमआरआयमध्ये हाडभर सूज, म्हणून स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका. सांध्यालगत असली की ही गाठ अशीच चकवते. एरवी तिच्याभोवती जमणारं जाड हाड तिथे फारसं दिसत नाही.

धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "नेप्रोक्सेन घेतली की उतरतं का?" म्हटलं, तासाभरात, पॅरासिटामॉलने मात्र काडीचा फरक नाही. गाठ प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं-सूज वाढवणारं रसायन भरपूर बनवते, त्यावर नेप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालतात. त्यांनी लगेच बारीक कापांचा सीटी करायला लावला. काळा गोल आणि मधोमध पांढरा ठिपका, मलासुद्धा दिसला! रात्रीचं दुखणं या गोळीने उतरत असेल तर सीटीचं स्वतःहून विचारा, असं माझं ठाम मत.

नुसत्या गोळ्यांवरही काढता येतं, काही वर्षांत गाठ आपोआप शमू शकते. पण तोवर पोट आणि किडनी पणाला कोण लावणार?

कमरेत भूल देऊन सीटीच्या टेबलावरच सुई घातली, टोक ९० अंश सेल्सिअसवर काही मिनिटं. जखम तिळाएवढी. पहिली रात्र ठणकलं. दुसऱ्या रात्री झोपले ती दूधवाल्याच्या बेलनेच उठले.

खरा घाम फिजिओने काढला. लंगडून लंगडून पोटरी बारीक झालेली, सांधा आखडलेला. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा: उजवा पाय भिंतीपासून चार बोटं मागे असला तरी टेकतो, डाव्याला अजून दोनच जमतात. फुटाळा तलावावर आरामात फिरते, उकिडवं बसणं मात्र नाही.

गाठ क्वचित परतते, म्हणून रात्री पुन्हा दुखलं तर लगेच यायला सांगितलंय. तेव्हाही बहुतेकदा हेच परत करता येतं.