वॉली वुडची शाई बघायची तर कुठली आवृत्ती घ्यावी?

वॉली वुड या अमेरिकन कॉमिक्स चित्रकाराचं ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेसाठीचं काम, म्हणजे १९५० ते ५५ च्या आसपासचं, आणि त्यातली शाई, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर ब्रशने किंवा निबने मारलेली काळी रेघ, नीट बसून बघायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो की घ्यायचं काय. त्याच गोष्टी तीन रूपांत मिळतात: नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या, नुसते ब्लॅक अँड व्हाइट संग्रह, आणि मूळ पानं जशीच्या तशी स्कॅन करून त्याच साइजला छापलेली ती अवाढव्य पुस्तकं. माझे तिन्ही प्रकार घेऊन झालेत आणि तिन्हींवर बराच वेळ गेलाय, म्हणून लिहितोय.

रंगीतचं पटकन उरकतो. गोष्ट वाचायची असेल तर जरूर घ्या, पण शाईसाठी नको. मूळ अंकांमध्ये ईसीची रंगकार मारी सेव्हरिन हिचे रंग सपाट असायचे, एका आकाराला एक रंग, त्यामुळे गोलाई दाखवायचं सगळं काम वुडच्या काळ्या रेघेवर असायचं आणि ती रेघ ते काम करायची. नवीन कॉम्प्युटरवरच्या रंगकामात गालावर, हेल्मेटवर, रॉकेटच्या पत्र्यावर वेगळं शेडिंग चढवतात, म्हणजे जे वुडने ब्रशने आधीच करून ठेवलंय तेच परत, आणि मग डोळा रंगाकडे जातो, रेघ मागे पडते. काहींना ते आवडतं, आवडू दे, पण तुम्ही शाई बघायला आला आहात ना.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे.

मूळ पानांच्या स्कॅनची पुस्तकं २०१० मध्ये डेव्ह स्टीव्हन्सच्या रॉकेटियर या कॉमिकपासून सुरू झाली. पानं काळी-पांढरी असली तरी स्कॅन रंगीत करतात, म्हणून पिवळा पडलेला कागद, पुसायची राहिलेली पेन्सिल, चुकीवर लावलेला पांढरा रंग, सगळं दिसतं. वुडचं असं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा थक्क झालो हे कबूल करतो. छापील अंकात जो भाग एकसंध काळा दिसतो तो इथे काळा नसतोच, कुठे करडा, कुठे तपकिरी झाक, ब्रश कुठून कुठे गेला आणि कुठे दुसऱ्यांदा शाई भरून परत फिरला ते कळतं. आणि सगळ्यात मोठा धक्का रेघेच्या जाडीचा. त्या काळी पानं छपाईच्या साधारण दुप्पट साइजवर काढायचे, मग फोटोने लहान व्हायची. मी कित्येक वर्षं समजत होतो की वुड केसासारखी बारीक रेघ निबने काढत असणार, आणि इथे बघतो तर त्यातल्या बऱ्याच रेघा चांगल्या जाड, न थांबता एका दमात मारलेल्या ब्रशच्या आहेत. हे कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्ही स्वतः ब्रशने इंकिंग करत असाल तर या एका गोष्टीसाठी ते पुस्तक घ्यावं असं मी म्हणेन.

अजून एक गंमत तिथे दिसते. ईसीमध्ये लेखक-संपादक अल फेल्डस्टीनच्या गोष्टींचं लेटरिंग, म्हणजे मजकुराची अक्षरं काढणं, चित्राच्या आधी व्हायचं, लेरॉय नावाच्या साच्याने, म्हणजे वुडच्या हातात पान यायचं तेव्हा मजकुराचे मोठेच्या मोठे ठोकळे वर बसलेले असायचे आणि खाली उरलेल्या जागेत त्याने यानाचं अख्खं कंट्रोल रूम बसवायचं. ती दाटीवाटी त्या अडचणीतून आली असावी असं मला वाटतं.

आता माझी अडचण. वुडचं ईसीचं ते पुस्तक १५ बाय २२ इंचाचं आहे, म्हणजे उघडलं की अडीच फूट रुंद. मांडीवर राहत नाही, हातात धरता येत नाही, टेबल पूर्ण मोकळं करावं लागतं आणि तरी बसून बघता येत नाही, उभं राहून वाकावं लागतं. पहिले काही दिवस उत्साहात मी हे सगळं केलं. पण कंटाळा हा खरा मुद्दा नाही, कंटाळा मी सोसला असता. खरा मुद्दा असा की वाकून बघताना डोळ्यांसमोर एका वेळी एक पॅनेल, म्हणजे चित्राची एक चौकट, येतं, फार तर दोन. पानाचा वरचा भाग लांब आणि तिरका, खालचा अगदी नाकाखाली. वुडची अर्धी ताकद पानभर काळा कुठे कुठे ठेवलाय यात आहे, वरच्या डाव्या पॅनेलमधलं काळं आकाश, मधे एका माणसाची काळी पाठ, खाली उजवीकडे यंत्राची सावली, आणि नजर त्या तीन काळ्यांवरून आपोआप घसरत खाली येते. मोठ्या पुस्तकात हे मला कधीच एका नजरेत दिसलं नाही. पुस्तक भिंतीला टेकवून लांब जाऊन बघितलं तर काळ्याची मांडणी दिसली पण रेघा गेल्या. शेवटी ते कपाटावर आडवं ठेवलं, आणि आता एखादी शंका आली की खाली काढतो.

ब्लॅक अँड व्हाइट संग्रह मात्र रोज उघडला जातो, आणि मला वाटतं वुड मी खरा शिकलो तो यातून. एक पॅनेल सांगतो. हेल्मेटमधला माणूस, उजेड दोन बाजूंनी, त्यामुळे चेहऱ्याच्या दोन्ही कडा उजळ आणि मधून कपाळापासून हनुवटीपर्यंत सावलीचा पट्टा. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना फेदरिंग आहे, म्हणजे काळ्यातून उजेडाकडे टोकदार होत जाणाऱ्या रेघा, बुडाशी जाड आणि टोकाला नाहीशा. नीट बघा, गालावर त्या रेघा गालाच्या गोलाईप्रमाणे वळतात, नाकाशेजारी आखूड होतात आणि हनुवटीखाली जवळजवळ बंद होतात. मी त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तीन नंबरच्या सेबल ब्रशने ते उतरवायचा प्रयत्न खूपदा केला आणि दरवेळी माझी टोकं बोथट आली, पण त्या निमित्ताने रेघांची दिशा हातात बसली. अर्थात इथली रेघ निम्मी झालेली आहे हे लक्षात ठेवायचं. पण वुडही ती रेघ लहान होणार हे धरूनच मारत होता, लहान झाल्यावर ती जशी आवळून येते तेच त्याला हवं असणार.

क्राफ्टिंटच्या बाबतीत तर मला ब्लॅक अँड व्हाइटच उजवं वाटतं. क्राफ्टिंट म्हणजे तो खास बोर्ड, ज्यात न दिसणाऱ्या रेघा आधीच छापलेल्या असायच्या आणि दोन वेगळी रसायनं ब्रशने लावली की एकाने फिकट आणि दुसऱ्याने गडद करडा उमटायचा. मॅड या ईसीच्याच विनोदी कॉमिकच्या सुरुवातीच्या अंकांत वुडने तो भरपूर वापरला. हे बोर्ड जुने झाले की रसायनाचे भाग तपकिरी पडतात, स्कॅनमध्ये ते डागही येतात आणि नजर डागावर अडते. रंगीतमध्ये त्या रेघांवर रंग बसून गढूळ होतं. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात मात्र करड्याच्या दोन पायऱ्या स्वच्छ वेगळ्या उभ्या राहतात, जवळचं काळं, मधलं गडद, लांबचं फिकट.

सगळेच ब्लॅक अँड व्हाइट संग्रह सारखे नसतात हेही सांगायला हवं. ईसीचा प्रकाशक बिल गेन्स याने ईसीची मूळ पानं जपून ठेवली होती म्हणून पुढे त्यांवरून चांगल्या आवृत्त्या निघू शकल्या, पण एखाद्या छापील अंकावरून किंवा खराब कॉपीवरून केलेलं पुस्तक हाती लागलं तर बारीक रेघा तुटलेल्या आणि फेदरिंग बुजलेलं मिळेल. माझ्याकडे तसं एक आलं होतं, परत केलं. घेण्याआधी कुठल्याही चेहऱ्याची सावली बघा, टोकं सुटी दिसली पाहिजेत, आणि क्राफ्टिंटचा भाग काळा थापल्यासारखा नको.

तेव्हा एकच घ्यायचं असेल तर मी ब्लॅक अँड व्हाइट घेईन. जमलं तर मोठं पुस्तक नंतर, रेघेची खरी जाडी बघायला. ज्यांच्याकडे मोठं टेबल आहे किंवा ज्यांना एकेका पॅनेलमध्येच बुडून जायला आवडतं त्यांचं मत उलट असू शकतं, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. संग्रहात १९५३ च्या मॅडच्या सहाव्या अंकातली टेडी अँड द पायरेट्स ही गोष्ट असेल तर तिथून सुरू करा. पान हाताच्या अंतरावर धरा, डोळे अर्धे मिटा, रेघा गायब होऊन नुसते काळे ठिपके दिसतील, ते कुठे कुठे बसलेत बघा, आणि मग पान जवळ आणा.