लॅटिनो मतं मोजायची कशी : एक्झिट पोल की प्यू?

भाची अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) मतदारांवर प्रकल्प लिहितेय. परवा तिचा फोन आला, "मामा, आकडे कुठले घेऊ?" एकीकडे एडिसन रिसर्च या सर्वेक्षण कंपनीचा एक्झिट पोल, दुसरीकडे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेचा पडताळलेल्या मतदारांचा अभ्यास.

वेगात एक्झिट पोल पुढे, मतमोजणीच्या रात्रीच हजर. प्यूचा 2024 च्या निवडणुकीचा अभ्यास आला थेट जून 2025 मध्ये. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट वाचता येतात.

खरी मेख विश्वासार्हतेत. एक्झिट पोल निवडक केंद्रांबाहेर मतदारांना गाठतो. टपालाने किंवा आधी मत देणाऱ्यांसाठी वेगळी जोडणी करावी लागते. केंद्रांची निवड चुकली की लॅटिनोंसारख्या गटाचा आकडा डुगडुगतो. प्यू मात्र आपल्या कायमच्या पॅनेलमधल्या (पुन्हा पुन्हा विचारलं जाणाऱ्या ठरावीक गटातल्या) माणसांची नावं मतदार नोंदींशी ताडून बघतं, म्हणजे "मी मत दिलं" ही थाप चालत नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांना लॅटिनो मतं एक्झिट पोलनुसार 32 टक्के, प्यूनुसार 36. चार वर्षांनी 46 आणि 48. कल दोन्हीकडे एकच, पण उडी एकीकडे 14 ची, दुसरीकडे 12 ची. शिवाय जुनेच मतदार फिरले की नवे आले, हे पॅनेलमुळे प्यूच सांगू शकतं.

टेक्सासच्या स्टार काउंटीसारखी जागा (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग; इथे जवळपास सगळी वस्ती लॅटिनो, 2024 ला ट्रम्पकडे गेली) दोन्हीत दिसत नाही. तिथे प्रत्यक्ष निकालच बघावा.

दुसऱ्या दिवशीचा लेख असेल तर एक्झिट पोल चालेल. प्रकल्पाला प्यूच घे म्हटलं.