कूलंट हीटर: कॉइल दणकट, पण वायरीने उभा हिवाळा डोकं खाल्लं

कूलंट हीटर म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्याआधी त्यातलं कूलंट (इंजिनात फिरणारं, त्याला थंड ठेवणारं पाणी) विजेवर तापवणारं यंत्र. माझा बंद पडला नाही, हे आधीच सांगतो. गेली ती वायर. एरवी चार ओळी लिहून मोकळा झालो असतो, पण त्या वायरीपायी सर्व्हिसवाल्यांशी इतकी हुज्जत घालावी लागली की आता सगळंच लिहितो.

जोडणी अशी आहे: गाडीच्या डिझेल इंजिनाला 1500 वॅटचा टाकीवाला कूलंट हीटर, आत पंप नसलेला. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला, खालून चिकटवलेला सिलिकॉनचा तापणारा पॅड. आणि बोटीच्या इंजिनाला त्याच कंपनीचा पंपवाला हीटर. बाकी माहिती खोक्यावर छापलेली असते, ती इथे उगाळत नाही.

कामाबद्दल तक्रार नाही. डिझेलला स्पार्क नसतो, ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, गारठलेला असला की ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. त्यात बॅटरी अर्धमेली, ऑइल घट्ट. मग सेल्फ कण्हत कण्हत फिरणार, पांढरा धूर सुटणार आणि सगळी गाडी थडथडणार. हीटर बसवल्यापासून हा तमाशा बंद झाला. उणे 20 लाही पहिल्या सेल्फला इंजिन पकडतं, धूर नावापुरता निघतो, आणि निघाल्या निघाल्या काचेवर गरम हवा येते. हे शेवटचं सुख घेताना मी हिशेबात धरलंच नव्हतं. आता विचाराल तर निम्मे पैसे त्यातच वसूल झाले.

विजेचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून धरला आहे. 250 किलोचं बिडाचं इंजिन आणि 10 लिटर कूलंट धरलं, तर दोन्ही मिळून एक अंश तापवायला साधारण 150 किलोज्यूल लागतात. 40 अंश चढवायचे म्हणजे 6000 किलोज्यूल, म्हणजे पावणेदोन युनिटच्या आत. 1500 वॅटचा हीटर हे काम कागदावर तासाभरात करेल. प्रत्यक्षात तापतं तसं बाहेरच्या हवेला उष्णता देणंही सुरू होतं, म्हणून दोन-अडीच तास धरायचे. त्यापुढे लावून ठेवलं तर ब्लॉक आणखी तापत नाही. माझ्या मॉडेलचा थर्मोस्टॅट 49 अंशांना तोडतो आणि 38 ला परत जोडतो, म्हणजे उरलेली रात्रभर आपण फक्त बाहेरची थंडी तापवत बसतो. मीटर लावून बघितलं: पहाटे अडीच तास चालवला तर पावणेचार युनिटच्या आत भागतं, रात्रभर ठेवला तर जवळपास दुप्पट जातं. खोक्यात टायमर येत नाही. 1500 वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, तेव्हा टायमर त्या ताकदीचा, उघड्यावर चालणारा असा वेगळा घ्या. दिव्याच्या माळांसाठी मिळतात त्यातला नको.

बसवण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण या प्रकाराचे हीटर बहुतेक त्यातच जळतात. पंप नसलेला हीटर गरम कूलंट हलकं होऊन वर चढतं, एवढ्यावरच चालतो. त्यामुळे टाकी इंजिनाच्या पाण्याच्या जागेपेक्षा खाली हवी, बाहेर पडणारं तोंड वर हवं, आणि वर जाणारा होस कुठेही खाली लोंबून पुन्हा वर चढता कामा नये. वर कमान झाली की तिथे एअर पकडते. प्रवाह थांबतो, कॉइल कोरडी पडते आणि काही वेळातच जळते. आमच्या मेकॅनिकने कूलंट भरून, इंजिन गरम करून, थंड करून, पुन्हा भरून, असं करत सगळी एअर काढेपर्यंत प्लग लावूच दिला नाही. तेव्हा मला कंटाळा आला होता. त्या माणसाचे आभार. तपासायची सोपी खूण म्हणजे पंधरा-वीस मिनिटांनी वरचा होस गरम आणि खालचा गार लागला पाहिजे. दोन्ही गार असून टाकी चटका देत असेल तर लगेच प्लग काढा.

आता वायर.

टाकीच्या डोक्यातून वायर निघते ती ओतीव रबरातून, थेट. मध्ये सॉकेट नाही, कनेक्टर नाही. दुसऱ्या टोकाला तसाच ओतीव प्लग, तो बंपरच्या जाळीतून बाहेर काढायचा. त्यावर रबरी टोपी, टोपीला दोरीसारखा रबराचा पट्टा. हा पट्टा थंडीत कडक होऊन महिनाभरात तुटला. टोपी कुठे पडली देव जाणे. कंपनीकडे सुटी टोपी मागितली तर म्हणे, हा वेगळा पार्ट नाही.

टोपी गेल्यावर जे व्हायचं तेच झालं. रस्त्यावरचं मीठ मिसळलेलं पाणी प्लगमध्ये शिरलं आणि एका सकाळी आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) पडला. वर केला, परत पडला. इंजिन गार, बॅटरी गार, मी सगळ्यात गरम.

मीटरवर कॉइलचा रेझिस्टन्स 35 ओहमच्या आसपास आला. 230 व्होल्टला 1500 वॅटचा हिशेब लावा, तेवढाच यायला हवा. म्हणजे कॉइल शाबूत. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर फेज आणि अर्थच्या मध्ये गळती. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी पडणारच, त्यासाठीच तो बसवलेला असतो. (तो काढून टाकून हीटर चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ओल्या जमिनीवर उभं राहून बॉनेटला हात लावायचा असेल तर हे करू नका.)

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं पडलं की कॉइलमध्येच ओल शिरली आहे. हे अगदीच खोटं नाही. कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती हवेतली ओल ओढते, त्यामुळे बरेच दिवस पडून असलेला हीटर सुरुवातीला गळती दाखवू शकतो. पण माझा रोज तापत होता. रोज तापणाऱ्या कॉइलमध्ये ओल टिकणार कशी? यावर उत्तर आलं की पूर्ण हीटर बदलावा लागेल, कारण वायर सुटी मिळत नाही. आणि वॉरंटी? वॉरंटी कॉइलला आहे, वायर ही ‘झिजणारी वस्तू’ आहे. म्हणजे तक्रार केली की बिघाड कॉइलचा, आणि पैसे मागितले की बिघाड वायरीचा! हे मी लेखी कळवलं. त्यावर ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ असा मेसेज आला, आणि ती अजून पुढेच जाते आहे.

शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने प्लगजवळची वीतभर वायर कापली. आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं, तारांच्या फटीफटीतून पाणी वर चढलेलं. आणखी वीतभर कापल्यावर चकचकीत तांबं दिसलं. मेगर लावला, गळती शून्य. हीटर पहिल्यापासून ठणठणीत होता. झाकणाचा पाणीबंद प्लग बसवला, पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं, ओल रोखणारं) ग्रीस लावलं, काम झालं. फक्त आता वायर आखूड झाल्याने बंपरपर्यंत पोचत नाही. रोज पहाटे बॉनेट उघडून प्लग जोडतो आणि टोपी बनवणाऱ्याचा उद्धार करतो.

इंजिन विजेवर तापवायचा हा शोध काही आजचा नाही. ग्रँड फोर्क्स, नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमन यांना अशा हीटरचं पेटंट 1949 मध्ये मिळालं. त्यात इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून तिथे तापणारा बोल्ट बसवायचा अशी कल्पना होती. फेअरबँक्स, विनिपेगसारख्या शहरांत पार्किंगच्या जागीच सॉकेट असतात. नॉर्वेची डेफा आणि स्वीडनची कॅलिक्स बंपरमध्ये झाकणाचं सॉकेट देतात, वायर गाडीला लोंबतच नाही. खराब झाली तर वायर बदला, विषय संपला. ही सोय जगात आहे आणि माझ्या कंपनीलाही ती ठाऊक आहे. कशावरून, ते बोटीच्या भागात येईल.

आणखी एक वायरीचंच. गाडीपासून बोर्डापर्यंत लांब, बारीक एक्स्टेंशन टाकली तर व्होल्टेज वाटेतच पडतं. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते: व्होल्टेज 10 टक्के पडलं तर 1500 वॅटचे 1215 उरतात. गेलेली वीज वायर तापवते, आणि बिल पूर्ण आपलंच. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेंशन तर आत वितळू शकते, ती पूर्ण उलगडूनच वापरा.

चेंबरच्या पॅडबद्दल माझं मत मात्र मधेच फिरलं. सुरुवातीला मला तो फुकटचा खर्च वाटत होता. ब्लॉक गरम झाल्यावर ऑइलला वेगळं तापवायचं कशाला? पण कूलंट चेंबरमध्ये फिरत नाही. ब्लॉक हाताला कोमट लागायचा आणि ऑइलच्या दाबाचा काटा तरी रेंगाळत वर चढायचा. पॅड जोडल्यावर काटा लगेच उठतो. 250 वॅटमध्ये एवढं मिळत असेल तर मी माझे शब्द मागे घेतो. दोन अटी आहेत. चेंबर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा हवा. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांना प्लॅस्टिकचा असतो, तिथे पॅडचा उपयोग नाही. आणि रंग खरवडून, ऑइलचा अंश पुसून, उघड्या धातूवर चिकटवून कडा उष्णतेच्या सिलिकॉनने बंद करायच्या. नाहीतर पहिल्या पावसात सोलून येतो. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) जागी घुसवायच्या तापणाऱ्या कांडीच्या नादी लागू नका. छोट्याशा जागी सगळी उष्णता ओतल्याने भोवतालचं ऑइल करपतं आणि चेंबरभर ऑइल गारच राहतं.

आता बोट. तिथला पंपवाला हीटर गुणी निघाला. पंप असल्यामुळे टाकी खालीच हवी अशी सक्ती नाही, इंजिन सगळीकडून सारखं तापतं, आणि इंजिनरूममधली ओल कमी झाल्याने गंजही थांबला. धक्क्यावर धूर न सोडता इंजिन सुरू होतं, शेजारचे बोटवाले आता बघत नाहीत. आणि या हीटरला वायर कुठून लागते? टाकीवरच्या सॉकेटमधून! फिरवून घट्ट करायच्या नटासह, पाणीबंद, सुटी होणारी. म्हणजे कंपनीच्या कारखान्यात हे सॉकेट बनतं. गाडीवाल्यांनी काय घोडं मारलं होतं?

बोटीवर एक वेगळी गोष्ट लक्षात आली, ती हीटरच्या पुस्तिकेत नाही. धक्क्यावरची वीज आता हिवाळाभर जोडलेली राहते. त्या विजेच्या अर्थच्या तारेने आपल्या बोटीचा पाण्यातला धातू शेजारच्या बोटींच्या धातूला जोडला जातो, आणि पाण्यात सगळ्यांची मिळून एक बॅटरी होते. बोटीचा बाकी धातू वाचावा म्हणून स्वतः झिजणारे आमचे जस्ताचे ॲनोड नेहमीपेक्षा कितीतरी लवकर खाल्ले गेले. उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर: तो त्या अर्थच्या तारेत बसतो, ही हलकी डीसी अडवतो आणि खरा बिघाड झाला तर करंट जाऊ देतो. अर्थची तार कापणे हा उपाय नाही, कोणी सुचवला तर त्याला बोटीवर घेऊ नका. पेट्रोलची बोट असेल तर इंजिनरूममधला हीटर आणि त्याचा थर्मोस्टॅट ठिणगी बाहेर पडू न देणारे, बोटीसाठीच प्रमाणित असलेले घ्या. तिथे काटकसर नको, हे माझ्यासारखा माणूस सांगतोय.

थर्मोस्टॅटला सुरुवातीला मनातल्या मनात पूर्ण गुण दिले होते. आता एक कापतो: जोडताना-तोडताना टकटक वाजतो आणि रात्री शांततेत ते घरात ऐकू येतं. कूलंट मात्र कंपनीने सांगितलं तेच, पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून घाला. नुसतं अँटीफ्रीझ ओतलं तर ते उष्णता कमी वाहून नेतं, आणि कॉइलवर थर बसायला सुरुवात होते.

विकत घ्यायचा असेल तर: गाडी रोज घराच्या बोर्डाजवळ उभी राहत असेल आणि थंडी उणे 10 च्या आतबाहेर असेल, तर 1500 वॅट लागत नाहीत. वेल्श प्लगच्या (ब्लॉकच्या भोकावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) जागी बसणारा 500-600 वॅटचा हीटर आणि टायमर पुरे, टाकी बसवायचा खर्च वाचेल. उणे 20 च्या खाली आणि मोठं डिझेल असेल तर टाकीवाला घ्या, चेंबरच्या पॅडसकट. पण दुकानात खोकं उघडून वायर कुठून निघते ते आधी बघा. सॉकेट असेल तर घ्या. ओतीव रबर दिसलं तर खोकं बंद करून परत द्या, आणि सुटी टोपी मिळते का तेही विचारा. मला ती अजून मिळालेली नाही.