वाळा की पॅचौली: पहिल्या तासाचं अत्तर आणि सहाव्या तासाचं

"फुलांचं नको, गोडही नको, काहीतरी मातकट दाखवा." अत्तराच्या दुकानात एवढं म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा दोन कुप्या येतात. एकीतलं तेल दाट, हिरवट झाक असलेलं. तो वाळा, दुकानाच्या भाषेत खस. दुसरीतलं काकवीसारखं काळसर. ती पॅचौली. दुकानदार एका मनगटावर हे, दुसऱ्यावर ते ओढतो, आपण आळीपाळीने हुंगतो आणि वाळा घेऊन घरी येतो. मीही तेच केलं होतं. पॅचौली वर्षभराने घेतली आणि तेव्हा कळलं, की त्या दिवशी मी दोन अत्तरं ताडून पाहिलीच नव्हती. दोघांची फक्त पहिली दहा मिनिटं पाहिली होती. वाळ्याचं त्यात काही बिघडत नाही. पॅचौलीचं मात्र सगळंच बिघडतं.

म्हणून मग दोन्ही तेलं जोजोबाच्या साध्या, बिनवासाच्या तेलात सारख्याच प्रमाणात, १ भाग तेल आणि ४ भाग जोजोबा, अशी पातळ केली आणि महिनाभर डाव्या मनगटावर पॅचौली, उजव्यावर वाळा असं लावून पाहिलं. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी नावाचा गुंता सोडवू. वेणीत, गजऱ्यात मरव्याबरोबर ओवतात ती पाच आठवते? पॅचौली ही तिचीच जवळची नातलग, तुळशीच्या कुळातली. अत्तरासाठी लावतात ती जात पोगोस्टेमॉन कॅब्लिन आणि तिच्या तेलाचा सगळ्यात मोठा पुरवठा इंडोनेशियातून होतो. सुमात्रा, जावा, सुलावेसी ही तिची बेटं. तिथे तिला निलम म्हणतात. पानं वाळवतात, थोडी मुरू देतात आणि मग वाफेवर तेल काढतात. म्हणजे आपण मनगटावर लावतो तो खरोखरच पाचोळ्याचा अर्क असतो. गावाकडच्या लोखंडी पिंपांच्या भट्ट्यांत काढलेल्या तेलात लोखंड उतरतं, त्याने रंग गडद तांबूस-काळा होतो. स्टीलच्या भट्टीतलं तेल मधासारखं फिकट.

वाळ्याची ओळख करून द्यायची गरज नाही. माठात घातलेली ती जुडी, खिडकीला लावलेली ती ओली ताटी. गवताची मुळंच ती. उत्तर भारतात तांब्याच्या देगेत, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या भांड्यात, त्यांचा रूह म्हणजे शुद्ध तेल काढतात, आणि तेलाला जी हिरवट झाक येते ती त्या तांब्याची. एकीला लोखंडाने काळं केलं, दुसऱ्याला तांब्याने हिरवं. मला ही जोडी उगाचच आवडते.

लावल्या लावल्या

वाळा लावला की लगेच ओळख पटते. माठातलं पाणी, ओली माती, त्यात कच्च्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी, कडेला लिंबाच्या सालीचा कडवटपणा. जावाकडचा वाळा असेल तर धूर जास्त, जळक्या लाकडासारखा. भारतीय रूह गोलसर आणि गार. मुद्दा असा, की जे हुंगून तुम्ही पैसे देता तेच तुम्हाला मिळतं. दुपारीही तेच, संध्याकाळीही तेच, फक्त आवाज बारीक झालेला.

पॅचौली लावली त्या पहिल्या सकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माळ्यावरची गादी काढलीस का गं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. गडद पॅचौलीची पहिली वीस मिनिटं म्हणजे बंद तळघर, ओली पोती, आणि वर कापरासारखी एक तिखट लहर. जुन्या वाड्यात जिन्याखालची खोली उघडल्यावर येतो तो वास. कोणी डांबरगोळ्या म्हणतं, कोणी बुरशी. आणि तेलात अल्कोहोल नसल्यामुळे हा सगळा प्रकार स्प्रेसारखा भसकन उडून जात नाही. त्वचेवर ठाण मांडून बसतो.

दुकानात बहुतेक लोक इथेच नाक मुरडतात. त्यात आपल्याकडे कोंदट वास म्हणजे अस्वच्छता हे डोक्यात इतकं पक्कं, की नाकाला दुसरी संधी द्यायला मन तयार होत नाही.

सहावा तास

तेलातले हलके घटक आधी उडतात, जड मागे राहतात. पॅचौलीच्या तेलाचा कणा म्हणजे पॅचौलॉल नावाचा घटक. चांगल्या तेलात तो साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त असतो. १५ कार्बनचा हा जड रेणू सावकाश, अगदी सावकाश हवेत जातो. म्हणून अत्तर बनवणारे इतर उडते वास धरून ठेवायला पॅचौली तळाशी घालतात. आपण ती एकटीच लावतो तेव्हा तो तळच आपल्याला पाहायला मिळतो, पण त्यासाठी वरचं सगळं उडून जायची वाट पाहावी लागते.

माझ्या हातावर दुसऱ्या तासात कापूर गेला. तिसऱ्या-चौथ्यात पोती सुकली, असंच म्हणावं लागेल. ओल निघून गेली आणि कोरड्या लाकडाचा वास आला, सागवानी कपाटाच्या आतल्या बाजूचा. मग कधीतरी पाचव्या-सहाव्या तासात, काम करताना हनुवटीला हात लावला आणि मी थांबले. काळा गूळ, साखर न घातलेला कोको, जुन्या चामड्याच्या पाकिटाची ऊब. सकाळचं तेच तेल आहे यावर विश्वास बसेना. गोड म्हणावं तर मिठाईचं गोड नाही. भाकरी तव्यावर जराशी करपते तेव्हा जे खमंग गोड येतं, त्या जातीचं.

हे रात्रीपर्यंत राहिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतरही घड्याळाच्या चामडी पट्ट्याला वास होता.

उजव्या मनगटावर याच वेळी वाळा होता का? होता. तोही जड तेलांतलाच, आठ-दहा तास सहज निघतो. पण सहाव्या तासाला वाळा म्हणजे स्वतःचीच पुसट प्रत. त्यात वाईट काही नाही. ज्याला सकाळी निवडलेला वास संध्याकाळपर्यंत तसाच हवा, त्याला हाच इमानदारपणा हवा असतो. माझ्या नवऱ्याचं तसंच आहे. पॅचौलीबद्दल त्याची तक्रार वासाची नाहीच मुळी. "लावलं एक आणि निघालं दुसरं" ही आहे. त्याची त्वचा कोरडी, तिच्यावर पॅचौलीचा कोंदट भाग लवकर सरला, पण गोड भागही पातळच राहिला. माझी तेलकट, तिच्यावर सगळं सावकाश आणि दाट. त्यामुळे मैत्रिणीच्या हातावर हुंगून कुपी मागवू नका. वाळ्याच्या बाबतीत एक वेळ चालेल.

आणखी एक. सतत हुंगत राहिलं की नाक थकतं आणि वाटतं अत्तर उडालं. पॅचौलीत ही फसगत फार होते. आपल्याला येत नाही म्हणून आपण पुन्हा लावतो आणि शेजारच्याचं डोकं दुखतं. एक थेंब. खरंच एकच.

ऋतू, कपडे, लोकल

उन्हाळ्यात वाळ्याला तोड नाही. अंगावर घाम असताना तो गार वाटतो. यात आपल्या आठवणींचा किती वाटा आणि तेलाचा किती, हे वेगळं काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही. पॅचौली मात्र एप्रिलच्या दुपारी गर्दीच्या डब्यात लावून जाऊ नये. गरम अंगावर ती एकदम फुलते आणि नेमकी तिची कोंदट बाजू पुढे येते.

पावसाळ्याचं तर विचारूच नका. जुलैत मुंबईत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, भिंतींना ओल, कपाटात बुरशी. त्यात तुम्ही गडद पॅचौली लावलीत तर लोकांना वाटणार की शर्ट अर्धवट वाळलेला घातलाय. मी हा प्रयोग केलाय. एका सहकारी बाईंनी मला अगदी आपुलकीने कपड्यांचा ड्रायर सुचवला.

डिसेंबर-जानेवारीत मात्र हिशेब उलटतो. पुण्या-नाशिकची थंडी, लोकरी शाल, आणि मानेला पॅचौलीचा एक थेंब. शालीशी तिचं नातं जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या त्या कसर लागू नये म्हणून घड्यांत पॅचौलीची वाळकी पानं घालून. तिकडच्या बायकांना शालीबरोबर तो वासही अस्सलपणाची खूण वाटायला लागला. त्याच थंडीत वाळा लावला तर अंगावर ओलं फडकं ठेवल्यासारखं होतं.

डागांचं आधीच सांगते: गडद पॅचौली पांढऱ्या कुर्त्यावर लावू नका, तपकिरी डाग जात नाही. कपड्यालाच लावायची असेल तर फिकट तेल घ्या. त्याची सुरुवातही सौम्य असते, पोती कमी आणि लाकूड जास्त. पहिल्यांदाच पॅचौली घेणाऱ्याला मी कदाचित फिकटच सुचवीन, पण स्वतः गडदच घेईन. फिकटात तो काळा गूळ मला सापडला नाही.

पैसे आणि भेसळ

इथे पॅचौली सरळ जिंकते. अस्सल रूह-खस तिच्या कित्येक पट महाग. मुळं खणून काढायला गवत वर्ष-दीड वर्ष वाढवावं लागतं, मुळांतून तेल जेमतेम निघतं, आणि एकदा उपटलं की ते झाड संपलं. पॅचौलीची पानं पाच-सहा महिन्यांत तोडणीला येतात आणि पुन्हा फुटतात. त्यामुळे 'खस' लिहिलेली स्वस्त कुपी दिसली तर ती बहुधा हिरवा रंग आणि कृत्रिम वास असणार, सरबतातला. खरा वाळा सरबतासारखा गोड नसतो.

पॅचौलीतही भेसळ होतेच. गुर्जन झाडाचा राळेसारखा चीक किंवा देवदार-सीडरचं तेल मिसळतात. ओळखायचा माझा घरगुती उपाय: कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून दोन दिवस विसरून जा. अस्सल तेल तिसऱ्या दिवशी आणखी छान लागतं. भेसळीचं एक तर गप्प होतं, नाहीतर नुसतं लाकूड उरतं.

टिकाऊपणात दोघंही पक्के. नीट बंद काचेच्या गडद कुपीत, उन्हापासून लांब ठेवली तर पॅचौली वर्षागणिक मऊ होत जाते. माझ्या कुपीची पहिली वीस मिनिटं आता पूर्वीइतकी अंगावर येत नाहीत.

त्वचेचं म्हणाल तर शुद्ध तेल, कुठलंही असो, थेट लावू नका. पातळ करून कोपराच्या आत लावा आणि एक दिवस थांबा. लाल झालं किंवा खाज आली तर विषय संपला. ज्यांना पातळ करण्याचा कंटाळा त्यांनी कापसाचा फाया कानाच्या पाळीवर ठेवावा. पॅचौलीला तो उत्तम, कारण तिचा पहिला तास नाकापासून थोडा दूर जातो.

मिट्टी अत्तर का नको?

मातकट म्हटलं की हा प्रश्न येणारच. कनौजला भाजलेली माती देगेत घालून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. पावसाच्या या वासाला १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. वास अप्रतिम. पण अंगावर ती पहिली सर तास-दीड तासात ओसरते आणि मग राहतं ते चंदन. चंदन हवं असेल तर जरूर घ्या. दिवसभर माती हवी असेल तर नको. शिवाय चंदनाच्या किमतीमुळे पुष्कळ कुप्यांत चंदनाऐवजी भलताच बेस असतो आणि मग तेही राहत नाही.

आणि ज्यांना पॅचौली आवडते असं वाटतंय ती स्प्रेमधल्या गोड परफ्युममुळे, त्यांना एक इशारा. १९९२ साली आलेल्या म्युग्लर या फ्रेंच कंपनीच्या 'एंजल' परफ्युमने पॅचौलीला कॅरमेल-चॉकलेटच्या शेजारी बसवलं आणि नंतर कितीतरी परफ्युम त्याच वाटेने गेले. तिथे ती सजूनधजून येते. तेलाच्या कुपीतली पॅचौली शेतातून थेट दारात आलेली आहे, पायाला चिखल घेऊन.

तर मग घ्यायचं कोणतं? एकच कुपी परवडणार असेल, ऑफिसला रोज लावायचं असेल, किंवा भेट द्यायची असेल तर वाळा, आणि थोडा घ्या पण अस्सल घ्या. सासऱ्यांना, काकांना द्यायला तर डोळे मिटून वाळा. स्वतःसाठी, थंडीसाठी, घरी बसून वाचायच्या संध्याकाळीसाठी पॅचौली, गडद. फक्त ती दुकानातल्या काउंटरवर ठरवू नका. सकाळी अकराला डाव्या मनगटावर थेंब घ्या, न चोळता तसाच राहू द्या, आणि पैसे न देता बाहेर पडा. बाकीची खरेदी करा, जेवा. पाच वाजता हात हुंगा आणि आवडलं तरच परत जा. अत्तरवाल्यांना अशी गिऱ्हाइकं ओळखू येतात. मी परत गेले तेव्हा त्या चाचांनी काउंटरवरची कुपी बाजूला सारली आणि आतल्या कपाटातली काढली.