पैसे पिवळ्या नराचे, पिल्लं काळी: लॅब्राडॉरच्या मेटिंगमध्ये गेलेले ४०,९५० रुपये

दोन पिवळ्या लॅब्राडॉरना काळं पिल्लू होत नाही. होऊच शकत नाही. हे आधीपासून पाठ असताना आम्ही फसलो, म्हणून रागापेक्षा लाज जास्त वाटते.

मादी आमच्याच घरच्या लिटरमधली (लिटर म्हणजे एका वेळची पिल्लं), पिवळी, कागदपत्रं असलेली. दात पूर्ण ४२, सिझर बाइट (वरचे दात खालच्यांच्या पुढे, लागून बसणारे), उंची ५५ सेंमी, म्हणजे मादीच्या ५४ ते ५६ च्या मापात बसणारी. पुढची पिढी डॉग शोच्या रिंगमध्ये उतरवायची होती म्हणून ओळखीतला नर सोडून 'चॅम्पियन' शोधला. पुण्याबाहेरचं केनेल. पिवळ्या नराचे रिबन लावलेले फोटो, हिपचा एक्सरे, पीआरए या आंधळं करणाऱ्या आनुवंशिक डोळ्यांच्या रोगाची 'क्लिअर' चाचणी, सर्टिफिकेट, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. स्टड फी, म्हणजे नर लावण्याचे पैसे, २५,०००.

आमच्या बाजूने कसूर नव्हती, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हीटच्या, म्हणजे माजाच्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या दिवशी रक्त देऊन प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बघितलं, दर वेळी १,८०० प्रमाणे ५,४०० गेले. आकडे आले ०.९, २.४ आणि ५.८ नॅनोग्रॅम. पाचच्या वर गेलं म्हणजे ओव्ह्युलेशन झालं, बीज सुटलं. कुत्रीचं बीज पक्व व्हायला त्यानंतर साधारण दोन दिवस लागतात, म्हणून मेटिंग तेराव्या आणि पंधराव्या दिवशी. 'रक्त आलं की अकरावा दिवस मोजा' या हिशोबावर बसणाऱ्यांच्या माद्या रिकाम्या राहतात ते यामुळेच.

१०,००० आगाऊ यूपीआयने. तेराव्या दिवशी मादी सोडताना उरलेले १५,००० आणि दोन रात्रींच्या बोर्डिंगचे १,६००. आणायला गेलो तेव्हा 'स्टड कार्ड आणि फॉर्मवरच्या सहीचे' म्हणून आणखी ३,०००. या ३,००० चा आधी उल्लेखही नव्हता. पण नराच्या मालकाची सही नसेल तर लिटरची नोंदणी अडते, आणि हे त्याला आपल्याइतकंच माहीत असतं. सहीचे पैसे वेगळे मागणाऱ्याकडे जाऊच नका. फीमध्ये काय काय आलं ते आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या.

मादी तिथे ठेवलीच कशाला, असं सगळे विचारतात. अहो, मादीच नराकडे नेतात. स्वतःच्या जागेत नर बिनधास्त असतो, परक्या अंगणात वास घेत फिरत बसतो. रिवाज आहे तो. चूक ठेवण्यात झाली नाही, दार लावू दिलं त्यात झाली. 'मालक समोर असला की मादी बसते, बाहेर थांबा,' हे वाक्य पटण्यासारखंच असतं. निदान गाठ लागल्यावर आत बोलवा म्हणायचं होतं. नर-मादी दहा-वीस मिनिटं अडकलेली असतात, तेवढ्यात व्हिडिओ सहज निघतो.

आणि ब्रुसेला, मेटिंगमधून पसरणारा संसर्ग! खरा स्टड मालक मादी दारात उभी करण्याआधी तिचा ब्रुसेलाचा रिपोर्ट मागतो, कारण एका रोगट मादीपायी त्याचा नर कायमचा बाद होऊ शकतो. या माणसाने विचारलं नाही. आम्ही रिपोर्ट काढून फाइलमध्ये नेला होता, त्याने फाइल उघडलीसुद्धा नाही. ज्याला आपल्या चॅम्पियनची काळजी नाही, त्याचा चॅम्पियन त्या जागेत आहे का, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. मायक्रोचिप स्कॅन करा म्हटलं तर 'स्कॅनरचा सेल गेलाय'. पंधरा आकडे जुळवायला दहा सेकंद लागतात. स्कॅनर स्वतःचा न्या, नाहीतर आपल्या डॉक्टरांकडून एका दिवसासाठी मागून न्या.

यातलं काहीच नसतं तरी चाललं असतं, कारण पुरावा हातात आला होता. मादी घरी आणून ओल्या फडक्याने पुसली तर पाठीवर, शेपटीच्या मुळाशी आणि दोन्ही कुशींवर आखूड काळे केस. एकदोन नव्हेत, फडक्यावर दिसतील एवढे. नराचे पुढचे पाय जिथे आवळले जातात, नेमके तिथेच. बोर्डिंगच्या पिंजऱ्यात आधी काळा कुत्रा असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि फडकं धुऊन टाकलं. फडकं! धुऊन! त्याच संध्याकाळी गाडी उलटी फिरवली असती तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सोनोग्राफी १,२००, शेवटच्या आठवड्यात एक्सरे ९००, सात पिल्लं मोजली. पहिल्या मेटिंगपासून ६१ व्या दिवशी, म्हणजे ओव्ह्युलेशनपासून बरोबर ६३ व्या दिवशी, व्यायली. पहिलंच पिल्लू काळं. चार काळी, तीन पिवळी.

फोन केला तर उत्तर: 'पणजोबा काळे होते, रंग उडी मारतो.' साफ खोटं. उडी पिवळा रंग मारतो. पिवळी होण्यासाठी दोन्हीकडून पिवळ्याचाच जनुक यावा लागतो, म्हणजे पिवळ्याच्या अंगात काळ्याचा जनुक लपून राहायला जागाच नसते. उलट काळ्या नरात पिवळा लपतो, आणि तो पिवळ्या मादीला लावला की साधारण निम्मी काळी, निम्मी पिवळी. सातात चार-तीन. मग म्हणाला, तुमचीच मादी गल्लीत सुटली असेल. एका लिटरला दोन बाप असू शकतात हे खरं, म्हणून डीएनएसाठी नराच्या गालाचा स्वॅब द्या म्हटलं. त्या दिवसापासून नंबर ब्लॉक. पिवळी तीनसुद्धा त्याच काळ्याची असणार, त्यामुळे तीही नोंदवता येत नाहीत. 'काळी सोडा, पिवळी नोंदवा' हा त्याचा सल्ला मानला असता तर खोट्या फॉर्मवर सही आमची असती.

पोलीस ठाण्यात आधी हशा. 'कुत्र्याच्या लग्नाची तक्रार' असं एकाने आतल्याला ओरडून सांगितलं. मग 'हे सिव्हिल मॅटर आहे'. पैसे एका नराचे घेऊन दुसरा लावला ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम ३१८ आहे. तरी अर्जावर पोच मिळवायला तीन फेऱ्या. स्थानिक केनेल क्लबने कळवलं की स्टड फी हा दोन मालकांमधला व्यवहार, आम्ही पडत नाही. मग शोच्या मांडवात त्याचाच बॅनर कसा चालतो? सरकारी कार्यालयात तर कमाल. कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक ब्रीडरची नोंदणी हवी, त्याची आहे का, एवढंच विचारलं. उलट आम्हालाच 'तुमची आहे का?' आमचा अर्ज त्याच टेबलावर सात महिने पडून होता. धूळ झटकून तोच दाखवला, आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'.

यूपीआयची फसवणूक कळल्याक्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, हे खरं. पण इथे ती कळते दोन महिन्यांनी. तोवर खात्यात काय उरणार? म्हणून फी एकरकमी देऊ नका. निम्मी गाठ डोळ्यांनी पाहिल्यावर, निम्मी सोनोग्राफीनंतर. चिप क्रमांकासह करार कागदावर.

हिशोब: त्याला २९,६००. तपासण्यांचे ७,५००. गाडीखर्च ३,८५०. एकूण ४०,९५०. दोन पिल्लांच्या बुकिंगचे ५,००० प्रमाणे १०,००० परत केले ते यात धरलेले नाहीत. सातही पिल्लं कागदांविना, पैसे न घेता, आठ आठवडे पूर्ण झाल्यावर घरं बघून दिली.

काळी पिल्लं जन्मली त्या दिवशी पुरावा म्हणून त्याला सगळ्या लिटरचे फोटो पाठवले होते. परवा एकाने त्याचं स्टेटस दाखवलं. आमची तीन पिवळी कापून घेतलेली, वर 'चॅम्पियनचं ताजं लिटर', खाली स्टड फी ३०,०००.