एलडीएल की अपोबी: कोणता आकडा पाहावा?

रक्तातली चरबी छोट्या कणांमधून वाहते. एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा, आकडा एलडीएल कणांमधलं कोलेस्टेरॉल मोजतो. अपोबी ही कणांवरच्या एका प्रथिनाची चाचणी; ती थेट कणांची संख्याच मोजते, कारण धमनीत रुतणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो. दोन्ही बहुधा सोबतच वरखाली होतात. गफलत होते ती मधुमेह, सुटलेलं पोट आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) असताना: कण लहान, पण संख्येने जास्त. मग एलडीएल बरं दिसतं, धोका मात्र लपतो. शिवाय अनेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ/डेलि च्या वर गेले की ते सूत्र कोलमडतं.

अपोबीला उपाशीपोटी जावं लागत नाही, पण वेगळे पैसे पडतात. परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करा; उदाहरणार्थ, १९० − ३५ = १५५. हा फुकटचा आकडा एकट्या एलडीएलपेक्षा अपोबीच्या जवळचा.